गौरी पुण्याला न्याव्यात का?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात राहते. वय ६७. मिस्टरांना जाऊन चार वर्षं झाली. आमच्याकडे उभ्या गौरी असतात. पितळी मुखवटे सासूबाईंच्याही सासूबाईंच्या काळातले. सोळा भाज्या, कोशिंबिरी, पुरणपोळी, फराळ, सगळं घरी आणि सोवळ्यात. लग्नाला ४४ वर्षं झाली, मिस्टर गेले ते वर्ष सोडलं तर कधी खंड पडला नाही.

शेतावर कर्ज काढून आम्ही मुलाला इंजिनिअर केलं. तो आणि सून दोघंही पुण्यात आयटीत आहेत. सुनेला रात्री अकरापर्यंत अमेरिकेतल्या लोकांबरोबर कॉल असतात. गेल्या वर्षी ती पूजनाच्या आदल्या रात्री पोहोचली आणि येताना पुरणपोळ्या विकत घेऊन आली. मी काही बोलले नाही, पण नैवेद्याच्या ताटात ती पोळी वाढताना माझा हात थरथरला. मुलगा म्हणतो, आई, तुझे गुडघे दुखतात, दगदग करू नकोस, मी पैसे पाठवतो, सगळं बाहेरून करून घे. आता दोघांचं म्हणणं आहे की यंदापासून गौरी पुण्याला फ्लॅटवर बसवू. धाकट्या जाऊबाई म्हणतात, गौरी घर सोडत नाहीत. मुलगी कॅनडात असते, ती व्हिडिओ कॉलवर आरती म्हणते. नऊ वर्षांची नात गौरीकडे बघून म्हणाली, "आजी, ही डॉल किती मोठी आहे!"

आणखी एक. गेल्या वर्षी सुनेनं सगळ्या बायकांसमोर मला हळदीकुंकू लावलं, गौरीलाही मलाच लावायला सांगितलं. मला कसंसंच झालं. हेही आताचंच.

पैसा आला, घरं मोठी झाली, पोरं जगभर गेली. पण आपलं म्हणून जे होतं ते हातातून सुटत चाललंय असं वाटतं. मी चुकते आहे का?

तुमची एक वाचक

---

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी उत्तर देते, कारण श्रावण लागलाय आणि तयारीला दिवस थोडे उरलेत. गौरी पुण्याला न्या. यंदाच न्या. का ते सांगते, आणि मध्ये थोडं तुमच्या मुलाशीही बोलणार आहे.

जाऊबाईंच्या बोलण्यामागची भीती मला कळते. घरात काही वेडंवाकडं झालं तर बोट कुणाकडे जाईल, ही ती भीती असते. पण आपण दर वर्षी काय करतो ते त्यांना आठवून द्या. अनुराधा नक्षत्रावर गौरीला आपण बाहेरून आत आणतो, कुणी तुळशीपासून, कुणी उंबऱ्यापासून, रांगोळीच्या पावलांवरून. एकीनं विचारायचं, गौरी आली, कशाच्या पावलांनी आली? दुसरीनं सांगायचं, सोन्याच्या पावलांनी आली. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर निरोप. ती घरात राहतच नाही, ताई. तीन दिवसांची माहेरवाशीण आहे. लेकीची वाट बघणारी आई ज्या घरात असेल तिथे माहेरवाशीण येते. तुम्ही पुण्यात असाल तर ती पुण्यात येईल.

पूर्वी भाऊ वेगळे झाले की देव वाटून घ्यायचे. टाक एकाकडे, गौरी दुसऱ्याकडे. तेव्हाही त्या एका घरातून दुसऱ्या घरात गेल्याच. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसं मॉरिशसला उसाच्या मळ्यांत राबायला गेली. हाताशी काही नसताना त्यांनी तिथे गणपती बसवला, आणि आज त्या देशात गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. मुंबईच्या गिरण्यांतल्या चाकरमान्यांनी मात्र उलटं केलं. देव गावी ठेवले आणि दर वर्षी स्वतः गावी गेले. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तरी ते जाणं थांबलं नाही. आजही गणपतीत कोकण रेल्वेवर जादा गाड्या सोडाव्या लागतात. देव माणसांपाशी न्यायचे की माणसांनी देवांपाशी जायचं, हे ज्या त्या घरानं आपल्या पोटापाण्याकडे बघून ठरवलं आहे. तुमच्या घरात आज गुडघे दुखणारी एकटी बाई आणि डोंगराएवढं काम, असा मामला आहे. माणसं पुण्यात आहेत. म्हणून मी पुणे म्हणते.

आता सुनेबद्दल. १९९१ च्या जुलैत दिल्लीत अर्थव्यवस्था खुली करण्याचे निर्णय झाले, तेव्हा तुमचा मुलगा नुकता शाळेत जायला लागला असेल. त्या निर्णयांतून पुढे जी कामं निघाली, त्यातलंच एक त्याला मिळालं आणि त्यातलंच एक तुमच्या सुनेला. शेतावर कर्ज काढलंत तेव्हा तो गाव सोडणार हे तुम्हा दोघांच्या मनात कुठेतरी पक्कं होतं, बोलून दाखवलं नसेल इतकंच. अमेरिकेत उजाडतं तेव्हा आपल्याकडे दिवेलागण होते. तुम्ही देवापाशी दिवा लावता ती वेळ तुमच्या सुनेची भर कामाची वेळ. ती आदल्या रात्री पोहोचली यात तुमच्या घराबद्दलचा अनादर मला दिसत नाही. अकरा वाजता काम संपवणारी मुलगी दुसऱ्या दिवशी प्रवास करून, वाटेत आठवणीनं पुरणपोळ्या घेऊन, सासरच्या गौरीला पोहोचते. मला तर तिचं कौतुक वाटलं.

सण कुणाच्या हातांवर उभा असतो हे आपण दोघींना चांगलं माहीत आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली माणसांचा दिवस कसा जातो याची देशभर पाहणी केली होती. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि ही कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. पाच तास आणि दीड तास. हा साधा दिवस झाला. गौरीचा दिवस यात धरलेला नाही. तुम्ही ४४ वर्षं जे केलंत ते या पाच तासांवर चढवलेलं काम होतं, आणि तुम्ही घराबाहेर नोकरी करत नव्हता म्हणून ते जमलं. सुनेचे पाच तास नोकरीच्या नऊ-दहा तासांनंतर सुरू होतात. तिच्याकडून तुमच्या इतकंच मागायचं म्हणजे तुमच्या दुप्पट मागायचं.

मला या सणात नेहमी एक गोष्ट सलते. गौरी माहेरी विसाव्याला येते. पहिल्या दिवशी तिला भाजीभाकरीचा नैवेद्य असतो, कारण लेक प्रवासातून आली की आई तिला आधी साधं, गरम, पोटभर वाढते. किती शहाणपण आहे त्या भाजीभाकरीत. आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरातल्या जित्याजागत्या लेकीसुना चुलीपुढे इतक्या दमतात की पंगत उठल्यावर त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. तुमची सूनही कुणाची तरी गौरी आहे. लग्न झाल्यापासून या तीन दिवसांत ती एकदा तरी आपल्या माहेरी गेली आहे का? विचारा तिला. यंदा जमलं नाही तर विसर्जनानंतर तिला चार दिवस पाठवा.

पुरणपोळीबद्दल बोलू. तुमचा हात थरथरला हे मी हलकं घेत नाही. इतकी वर्षं स्वतःच्या हातानं केलेलं देवापुढे ठेवलं आणि आता पुठ्ठ्याच्या डब्यातलं काढून ठेवायचं, त्यात आपण वगळले गेल्यासारखं वाटतं. पण त्या पोळीमागेही एखादी बाईच असेल. पापडाचं आठवा. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालणं हे घरोघरीचं काम होतं. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत पापड उभा राहिला आणि हजारो बायकांची चूल त्यावर पेटली. आज विकतचा पापड ताटात आला म्हणून कुणाला काही वाटत नाही. गावोगावच्या बचत गटांतल्या बायका पुरणपोळ्या, अनारसे, दिवाळीचा फराळ करून मुलांच्या फिया भरतात. एका बाईनं वेळ नाही म्हणून विकत घेतलं आणि दुसरीला त्यातून चार पैसे मिळाले, यात देवी रागावेल असं मला वाटत नाही.

माझी आजी सोवळ्याच्या स्वयंपाकाला नळाचं पाणी घेत नसे. नळात चामड्याचा वायसर असतो म्हणून. विहिरीचं पाणी शेंदून आणायचं काम माझ्या आईकडे. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी सातवा महिना असताना गौरी-गणपती आले आणि आई ओलेत्यानं कळशा वाहत होती, हे तिनं मला फार उशिरा, तिच्या सत्तरीत सांगितलं. सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण ती रडली. पुढे विहिरीचं पाणी खराब झालं आणि नळाचं पाणी सोवळ्यात चालू लागलं. कुणी शास्त्र विचारलं नाही. तुमच्या सासूबाईंच्या सासूबाई पाट्यावर पुरण वाटत असतील, तुम्ही पुरणयंत्र फिरवलं असेल, कुकरमध्ये डाळ शिजवली असेल. त्या प्रत्येक पायरीवर घरातल्या कुठल्यातरी म्हातारीला वाटलंच असेल की आता उरलं काय.

उपासाचं ताटही बघा ना. साबुदाण्याची खिचडी आपण किती भक्तिभावानं करतो. साबुदाणा कसावा नावाच्या कंदाचा, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, हिरवी मिरचीही अमेरिका खंडातली. पोर्तुगीज समुद्रावरून आले, त्यानंतरच्या काळात हे सगळं आपल्याकडे रुजलं. आजही बराचसा साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांतून येतो. एकादशीच्या ताटात इतकी परदेशी मंडळी मानानं बसली आहेत आणि आपण त्यांना उपासाची म्हणून ओळखतो. जगाशी देवघेव आपल्या ताटात चारशे वर्षं चालू आहे. आजचं वेगळेपण वेगात आहे. पूर्वी दोन पिढ्यांत जे बदलत होतं ते तुमच्या डोळ्यांदेखत दहा वर्षांत बदललं, आणि मनाला तेवढी सवड मिळाली नाही. तुम्हाला जी धडधड होते ती या वेगाची आहे. त्यात तुमची चूक नाही.

आता तुमच्या मुलाशी. वयानं मोठी म्हणून एकेरीत बोलते. अरे, "मी पैसे पाठवतो, सगळं बाहेरून करून घे" हे तू मायेपोटी म्हणालास, तुला आईचे गुडघे दिसत होते. आईला ते कसं ऐकू आलं ते बघ. तिच्या ४४ वर्षांच्या कामाचे पैसे ठरले आणि ते आता कुणीही करून दिलं तरी चालेल, असं तिला ऐकू आलं. गौरी कुठल्या दिवशी येणार हे पंचांगात वर्षभर आधी कळतं. तुझ्या कचेरीत रजेचा अर्ज आधीपासून देता येतो. तो तू दे. बायकोनं रजा काढायची आणि तू संध्याकाळी आरतीला उभं राहायचं, हे यंदा बंद. डाळ शिजवायला, पुरण वाटायला, वाढायला, उष्टी काढायला, भांडी घासायला तू हवास. सोवळ्यात पुरुष चालतो का, असं कुणी विचारलं तर सांग की लग्नातल्या पंगती आचारीच रांधतात आणि कितीतरी देवळांतला नैवेद्य पुरुषच शिजवतात. तुझ्या आईला तुझ्या पैशाची गरज आहे असं तिच्या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. तिच्या पत्रात सगळीकडे वाट बघणं आहे.

ताई, आता "आणखी एक" म्हणून तुम्ही लिहिलेल्या त्या ओळी. मला वाटतं, पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही तिथे लिहिलंय आणि घाईनं पुढे गेलाय.

सुनेनं तुम्हाला हळदीकुंकू लावलं, गौरीला लावायला सांगितलं आणि तुम्हाला कसंसंच झालं. त्या कसंसंच होण्यात काय काय होतं? लाज असेल, इतर बायका काय म्हणतील हे असेल, मिस्टरांची आठवण असेल. आणि खोल कुठेतरी, तीन वर्षं दाराआड उभं राहून वाटीत हळदकुंकू भरून देणाऱ्या बाईला पाटावर बसायला मिळालं, याचा एक हुंदकाही असेल. मी तुमच्या जागी नाही, चुकत असेन तर माफ करा. पण तुम्ही ती गोष्ट विसरला नाहीत आणि ती पत्रात लिहिलीत, म्हणून मला असं वाटलं.

इतकी वर्षं या गौरी ज्या हातांनी नेसवल्या, सजवल्या, ज्यांच्यासाठी पहाटे चारला उठलात, ते हात नवरा गेल्यावर देवीला चालेनासे झाले असं कुणी ठरवलं? रीत म्हणून ते चालत आलं आणि तुम्ही निमूट मागे सरकलात. आपल्याकडच्या लाखो बायका अशाच मागे सरकल्या. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, त्या गावानं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे करायला सांगितलं. हेरवाड काही मोठं शहर नाही. तिथे आयटी पार्क नाही. शेती करणाऱ्या माणसांचं गाव आहे, आणि त्यांनी हे आपल्या मनानं केलं.

त्याच्याही मागे जाऊ. १८९३ साली पुण्यात दोन नव्या गोष्टी घडल्या. टिळकांनी गणेशोत्सव सार्वजनिक करण्यासाठी पुढाकार घेतला, आणि धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. कर्व्यांना त्यांच्या मुरूड गावानं त्यासाठी वाळीत टाकलं. मंडपातला गणपती आज आपल्याला आपली जुनी परंपरा वाटतो. दुसरी गोष्ट, बाईला नवऱ्यामागेही माणूस म्हणून जगू देण्याची, सव्वाशे वर्षांनंतरही घरोघरी नव्यानं करावी लागते. तुमच्या सुनेनं ती तुमच्या घरात, भाषण न करता, एका बोटानं केली.

पत्रात तुम्ही विकतची पोळी आणि हे कुंकू एकाच माळेत ओवलंय, "हेही आताचंच" म्हणून. मला ते पटत नाही. पोळी विकत आणणं ही सोय आहे, आज आहे, उद्या सवड मिळाली तर घरी होईल. पण पाटावर तुम्हाला बसवणं ही तुमच्या सुनेनं तुम्हाला ओळखल्याची खूण आहे. पहिलीबद्दल वाटेल तेवढी कुरकुर करा. दुसरी मात्र हातची जाऊ देऊ नका. पैशाबरोबर, शिक्षणाबरोबर, बाहेरच्या जगाबरोबर जे जे घरात येतं त्यात टाकाऊ पुष्कळ आहे, मलाही आवडत नाही. डीजेच्या भिंती, कर्ज काढून केलेली चार-चार दिवसांची लग्नं, दाखवण्यासाठी मांडलेली आरास. पण स्वतःचे पैसे मिळवणारी, कुणाला न घाबरणारी सूनही त्याच वाटेनं घरात आली. तशी ती नसती तर त्या दिवशी तुम्ही दाराआडच राहिला असता.

आरास म्हटलं म्हणून सांगते. पुण्यात गौरी सजवून देणारी माणसंही मिळतात. तेवढं नको. स्टँडवर साडी नेसवणं, निऱ्या सारख्या बसवणं, पदर खांद्यावरून असा सोडणं की मुखवटा उठून दिसेल, हे तुमच्या हातात आहे आणि व्हिडिओ बघून येत नाही. ते तुम्ही, सून आणि नात, तिघींनी मिळून करा. दोन तास लागले तर लागू देत. स्वयंपाकातलं काही बाहेरून आलं तर चालेल, पण हे दोन तास विकू नका.

सोळा भाज्यांचंही जमवता येईल. बऱ्याच घरांत सोळा भाज्या थोड्या थोड्या घेऊन एकत्रच भाजी करतात. तुमच्याकडे वेगवेगळ्या करत असतील तर त्यातल्या चार वेगळ्या करा, बाकीच्या एकत्र. पुरणपोळ्या निम्म्या घरी, निम्म्या विकत. नैवेद्याची पहिली पोळी तुमच्या हातची. कॅनडातल्या लेकीला सांगा, एक भाजी तिच्या नावाची. तिथल्या वेळेनं तिनं ती आपल्या स्वयंपाकघरात करायची, तिथला भोपळा, तिथलीच फरसबी. कॉलवर नुसती आरती म्हणण्यापेक्षा तिला ते जास्त घरचं वाटेल. परदेशातल्या मराठी बायकांकडे हिकमत पुष्कळ असते, जिथे गेल्या तिथे त्यांनी मंडळं काढली, गणपती बसवले, मुलांसाठी मराठी शाळा चालवल्या.

जाऊबाईंना पुण्याला घेऊन चला. त्यांना निमंत्रण मुलानं द्यायचं, घरी जाऊन, फोनवर नाही. गावातल्या ज्या बायका दर वर्षी दर्शनाला येतात, त्यांच्यासाठी एखाद्या दिवशी गावच्या घरी हळदीकुंकू ठेवा, नवरात्रात ठेवता येईल. वर्षानुवर्षं तुमच्याकडे जेवलेल्या माणसांना अचानक बंद दार दिसू नये.

राहिली नात. तिनं 'डॉल' म्हटलं याचं तुम्हाला लागलं. तिच्याकडे दुसरा शब्द नव्हता, ताई. ती इंग्रजी शाळेत जाते, वर्षातून दोन दिवस ही उंच, नथ घातलेली, भरजरी साडीतली बाई बघते आणि तिला कुणी सांगितलेलं नाही की ही कोण, कुठून आली, तीनच दिवस का राहते. तुमच्याकडे याची उत्तरं आहेत. मला खरी चिंता वाटते ती इथे. पोळी विकत मिळेल, मखर मिळेल, गुरुजी फोनवर मंत्र सांगतील, पण गौरीची गाणी, झिम्म्या-फुगडीची गाणी, कहाणी, कोणत्या भाजीत काय घालत नाहीत आणि का, हे तुमच्या पिढीच्या डोक्यात आहे आणि कुठेही लिहिलेलं नाही. गणपतीची एकवीस पत्री आता बाजारात बांधून मिळते. जुडी सोडून एकेक पान ओळखा म्हटलं तर दुर्वा, तुळस आणि बेलापुढे किती जण जातील? शमी, मका, डोरली, विष्णुक्रांता ही नावं पूर्वी लहान मुलींनाही माहीत असायची, कारण त्या ती पानं गोळा करायला जायच्या. शब्द आधी जातात आणि मग ती झाडंही कुणाला दिसेनाशी होतात. इथे मी तुमच्याइतकीच अस्वस्थ आहे.

म्हणून गौरीच्या निदान दहा दिवस आधी पुण्याला जा. शाळेच्या वहीसारखी एक वही घ्या. नातीला रोज संध्याकाळी अर्धा तास बसवा. तुम्ही सांगायचं, तिनं लिहायचं, तिच्या मोडक्या मराठीत, चुकलं तर चुकू दे. "आजी, असं का?" असं ती विचारेल तेव्हा "तशी रीत आहे" म्हणून थांबू नका. माहीत असेल ते सांगा, नसेल तर माझ्या सासूबाई असं करायच्या म्हणून मी केलं, एवढं खरं सांगा. वहीत सुनेलाही तिच्या माहेरची एखादी रीत लिहू द्या. एखादी सोळावी भाजी तिच्या आईच्या पद्धतीची होऊ दे.

निघताना मुखवटे सामानाबरोबर डिकीत टाकू नका. धुऊन, पुसून, मऊ लुगड्यात गुंडाळून मांडीवर घ्या, एक तुमच्या आणि एक जाऊबाईंच्या. गौरीला लागणारा आघाडा गावाहून नेण्याची गरज नाही. पुण्यात मोकळ्या प्लॉटवर, रस्त्याकडेला, पावसाळ्यात तो भरपूर उगवतो. आवाहनाच्या सकाळी नातीला घेऊन खाली उतरा आणि तिलाच शोधायला सांगा. लांब तुरे असतात, जवळून गेलं की बिया कपड्यांना चिकटतात, त्यावरून तिला बरोबर सापडेल.